मागच्या खोलीतलं धुराडं

आम्ही घेणार होतो ते घर तपासायला बँकेने माणूस पाठवला होता. तो क्लेग स्ट्रीटवर आला, गाडीतून खालीही उतरला नाही, सॉसेज रोल खाल्ला, काच खाली करून घराचा एक फोटो काढला आणि निघून गेला. हे मला समोरच्या पबवाल्या बाईने सांगितलं. दोन दिवसांनी बँकेचं पत्र आलं की घर मागितलेल्या किमतीचं आहे, कर्ज मंजूर.

“झालं की मग,” कीरन म्हणाला. कीरन माझा नवरा. बस चालवतो, आणि कागदावर शिक्का दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो.

“अरे, बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढंच त्याने बघितलं,” मी म्हणाले. “आपण बुडू की नाही ते कोण बघणार?”

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. बाहेरून पांढऱ्याशुभ्र दाताच्या आत काय काय निघतं, हे मी रोज बघते. हे आमचं पहिलं घर होतं. सात वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांत राहून आम्ही बर्नली शहरात स्वतःचं दार शोधत होतो. ते दार सव्वाशे वर्षांचं होतं, आणि आत काय आहे हे बघितल्याशिवाय मी सही करणार नव्हते.

मी घर विकणाऱ्या एजंटला फोन लावला आणि आमची वेगळी तपासणी करायची आहे म्हणून सांगितलं. त्याचं नाव टोबी. टोकदार बूट, आणि बोलताना मान डोलवायची सवय.

“रोशेल, कशाला टेन्शन घेतेस? आमचा माणूस आहे ना. उद्याच पाठवतो.”

“तुमचा माणूस वर्षाला किती घरं तपासतो?”

“शंभर-सव्वाशे.”

“आणि त्यातली किती खराब निघतात?”

“तसं बघितलं तर... एकही नाही.”

“संत म्हणून चर्चमध्ये बसवा त्याला,” म्हणून मी फोन ठेवला.

घरात सगळ्यात मोठा विरोध माझ्या बाबाचा. बाबा म्हणजे क्लिफ हॅवर्थ, चाळीस वर्षं भिंतींना गिलावा करणारा माणूस. बाहेरचा तपासनीस आणायचा म्हटल्यावर त्याने चहाचा कप आपटलाच.

“आठशे पौंड? भिंतीवर टकटक करायचे आठशे पौंड? मी फुकटात करतो! वर बिस्किटंही माझी मी आणतो.”

“बाबा, तू माझा बाप आहेस. तुला सगळंच छान दिसणार.”

“मला तुझा नवरा छान दिसला होता का? स्पष्ट बोललो होतो ना?”

कीरन शेजारीच बसला होता. “बोलला होतात,” तो शांतपणे म्हणाला. “लग्नातल्या भाषणात.”

मग रविवारी आम्ही बाबाला घर दाखवायला नेलं. घरमालकीण एंटविसलबाई, वय ऐंशीच्या आसपास, एकटी, आता बहिणीजवळ राहायला जायचं म्हणून घर विकत होती. त्या दिवशी ती बाहेर गेली होती. टोबीने कुलूप उघडलं. बाबा पुढच्या खोलीत टकटक करत, नाक खुपसत, ‘हं हं’ करत फिरला. मग मागच्या स्वयंपाकघरात गेला आणि एकदम थांबला. छताकडे बघत राहिला. वरच्या झोपायच्या खोलीत गेला, तिथून दोन मिनिटांत खाली आला, आणि सरळ व्हॅनमध्ये जाऊन बसला. टोबीने चहा विचारला तर नको म्हणाला. माझ्या बाबाने चहा नको म्हटल्याचं मी त्याआधी एकदाच ऐकलं होतं, आजीच्या अंत्यविधीला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “ती तपासणी करून घे.”

“कालपर्यंत तर आठशे पौंड...”

“करून घे म्हणतो ना! आणि त्या टोकदार बुटाचा माणूस नको. कोणीतरी खडूस बघ. आणि मागची झोपायची खोली नीट बघायला सांग. जमिनीच्या फळ्यांखाली वगैरे.”

“का?”

“जुनी घरं असतात,” असं काहीतरी पुटपुटून त्याने फोन ठेवला.

मी शोधायला लागले. पहिला तपासनीस फार गोड बोलला. तो टोबीचा मेहुणा निघाला. दुसरा सप्टेंबरात मोकळा होता, आणि तेव्हा एप्रिल चालू होता. तिसऱ्या नंबरावर फिलिपा ऑर्मरॉड नावाची बाई होती. आवाज असा, की जणू मीच तिच्या घराची काच फोडली होती.

“घर कधीचं?”

“अठराशे अठ्ठ्याण्णव.”

“मग मोठी तपासणी लागेल. छोटीत मी दिसतं ते लिहिते. मोठीत दिसू नये म्हणून जे केलंय ते शोधते. तुम्हाला कोणी पाठवलं?”

“कोणीच नाही.”

“उत्तम. एजंटला माझं नाव सांगा. तो कण्हला तर बरोबर जागी आलात.”

मी नाव सांगितलं. टोबी कण्हला.

मग सुरू झाली टाळाटाळ. मंगळवारी किल्ली सापडेना. शुक्रवारी एंटविसलबाईला बरं नव्हतं, आणि त्याच शुक्रवारी मी तिला बाजारात कोबीवाल्याशी कडाकडा भांडताना बघितलं. पुढच्या आठवड्यात टोबी म्हणाला की दुसरं एक जोडपं रांगेत आहे आणि ते ‘कसल्याही भानगडीशिवाय’ घर घ्यायला तयार आहे. कीरनचा चेहरा उतरला. माझाही उतरला, खोटं कशाला सांगू? रात्रभर आम्ही कुशी बदलत होतो. सकाळी मी टोबीला म्हणाले, “त्या जोडप्याला देऊन टाका.” दुपारी किल्ली सापडली.

ऑर्मरॉडबाई आल्या त्या दिवशी मी कामावर होते. साडेतीनला, कोणाच्या तरी दाढेत ड्रिल चालू असताना, फोन वाजला. मी मागच्या जिन्यात जाऊन घेतला.

“अहवाल पुढच्या आठवड्यात येईल,” त्या म्हणाल्या, “पण हे थांबू शकत नाही. ती म्हातारी बाई कुठल्या खोलीत झोपते?”

“मागच्या. का?”

“खाली स्वयंपाकघरात भिंतीतलं धुराडं कोणीतरी तोडून टाकलंय. जेवणाच्या टेबलाला जागा हवी असेल. पण वरच्या खोलीतलं तसंच आहे, आणि त्याच्याही वर, छपराबाहेरपर्यंत. दीड-दोन टन विटा. त्याखाली जाड लोखंडी गर्डर लागतो. मी कपाटातली जमिनीची सुटी फळी उचलून आरसा घातला. गर्डर नाही.”

“मग ते कशावर उभं आहे?”

“पलंगावर.”

“काय?”

“जुन्या पलंगाची लोखंडी पट्टी आहे. एका टोकाला पायाचं चाकसुद्धा आहे अजून. खालून सुंदर गिलावा केलाय. इतका सुरेख गिलावा मी फार दिवसांनी बघितला. मी एजंटला सांगितलंय. तो म्हणाला, तीस वर्षं उभं आहे तर सोमवारपर्यंतही राहील. त्या खोलीत आज कोणी झोपता कामा नये.”

सुरेख गिलावा. मी जिन्याच्या पायरीवर बसले. बर्नलीत सुरेख गिलावा करणारी माणसं किती असतील? मी बाबाला फोन लावला. त्याने उचलला आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आतच म्हणाला, “सापडलं?”

मग त्याने सांगितलं. चौऱ्याण्णव सालचं काम. बाबा तेव्हा सत्तावीस वर्षांचा, मी एक वर्षाची. ठेकेदार होता स्टॅन नावाचा. त्याने धुराडं तोडलं, गर्डर आणायचे पैसे घेतले होते ते घोड्यांवर उडवले, आणि परसातला मोडका पलंग उचलून पट्टी घातली. ‘सोमवारी गर्डर आणतो, तोवर झाक,’ म्हणाला. बाबाने झाकलं. सोमवारी स्टॅन स्पेनला गेला होता.

“आणि तू?”

“मला वाटलं, दुसरं कोणीतरी बसवेल. मग वाटलं, बसवला असेल. मग मी त्या गल्लीतून जाणंच सोडलं, घर कुठलं तेही विसरलो. रविवारी छताचा तो कोपरा बघितला. माझाच हात. तुला तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, रोशेल.”

“म्हणून आठशे पौंडांची बाई सांगेल असं ठरवलंस.”

“हो.”

मला त्याला खूप काही बोलायचं होतं. मी एवढंच म्हणाले, “व्हॅनमध्ये लोखंडी टेकू घाल आणि क्लेग स्ट्रीटला ये. आत्ता.”

एंटविसलबाईने दार उघडलं तेव्हा आम्ही तिघं उभे होतो. मी, बसचा गणवेश घातलेला कीरन, आणि खांद्यावर टेकू घेतलेला बाबा. टोबीने तिला अजून काहीही कळवलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. मध्येच थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं.

म्हातारीने बाबाकडे निरखून बघितलं. “तू तो गिलावेवाला. माझा अख्खा केक खाल्लेला.”

“हो, मॅडम.”

“माझा हॅरल्ड त्या खोलीत वीस वर्षं घोरला. छप्पर पडो याच्या अंगावर, असं मी रोज म्हणायची. म्हणजे थोडक्यात चुकलं म्हणायचं!” आणि ती हसली. खोखो हसली. मग हसणं थांबलं, आणि ती जिन्याचा कठडा धरून खाली बसली. “नातवंडं सुट्टीत तिथेच झोपायची रे,” ती म्हणाली. “तिघं. एका पलंगावर.”

बाबा टोपी हातात चुरगळत उभा राहिला. माफ करा म्हणाला, पण इतक्या हळू, की म्हातारीने “काय?” विचारलं, आणि त्याला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

“आता टेकू लाव,” ती म्हणाली. “आणि या वेळी चहा मिळेल. केक नाही.”

बाबाने आणि कीरनने तासाभरात चार टेकू लावले. एंटविसलबाई त्या दिवसापासून पुढच्या खोलीत झोपायला लागली. टोबीने मला फोन करून सांगितलं की मी ‘विकणाऱ्याला थेट भेटून’ प्रथा मोडली. मी त्याला ऑर्मरॉडबाईंचा एकसष्ट पानी अहवाल पाठवला आणि चाळिसावं पान मोठ्याने वाचायला सांगितलं. रांगेतल्या जोडप्याचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

घर आम्ही घेतलं. एंटविसलबाईने किंमत गर्डरच्या खर्चाएवढी उतरवली, आणि गर्डर बसवायची मजुरी बाबाने घेतली नाही. इंजिनियर म्हणून आलेली पोरगी सव्वीस वर्षांची होती. ती बाबाला दिवसातून दहा वेळा काम थांबवायला लावायची आणि तो निमूट थांबायचा. शेवटचा गिलावा मारण्याआधी त्याने स्वतःहून ऑर्मरॉडबाईंना बोलावून घेतलं. त्या शिडीवर चढल्या, टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं.

“झाका,” त्या म्हणाल्या. पण खाली उतरून त्यांनी बाबाशी हात मिळवला.

आम्ही नोव्हेंबरात राहायला आलो. त्याच महिन्यात बाबाने एका कागदावर स्टॅनबरोबर केलेली सगळी कामं आठवून लिहिली. सहा घरं निघाली. आता दर शनिवारी तो स्वच्छ शर्ट घालून त्यातल्या एकेका दारावर जातो. पहिल्या घरी त्यांना वाटलं धर्मप्रचारक आलाय, आणि दार बंद झालं. दुसऱ्या घरी गर्डर आधीच बसवलेला होता. तिसऱ्या घरच्या माणसाने त्याला कुत्रा मागे लावून गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं.

“मग काय करणार?” मी विचारलं.

“काय करणार?” बाबा गुडघा चोळत म्हणाला. “पुढच्या शनिवारी त्याच्याकडेच जातो. कुत्र्यासाठी काहीतरी घेऊन.”