ओळखीचा आवाज

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरची ख्याती अशी, की रुसलेला पेशंटही तिच्या हातून मुकाट औषध घेई. म्हणूनच खिडकीजवळच्या खाटेवरची तेरा वर्षांची मुलगी तिच्याकडे सोपवली होती. पोरीने तीन आठवडे अन्न जवळजवळ सोडलं होतं. शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे घरच्यांना कळलं. का जेवत नाहीस विचारलं, की तोंडात मिठाची गुळणी.

सिस्टरने विचारणंच सोडलं. तिचे केस विंचरता विंचरता स्वतःच्या फजितीचे किस्से सांगू लागली. चौथ्या दिवशी पोर खुदकन हसली. सहाव्या दिवशी तिने उशीखालचा मोबाईल काढला. "हे ऐका. पण आईला सांगू नका."

वर्गातल्या मुलींचा ग्रुप होता. त्यावर आलेला आवाजी निरोप तिने लावला. "अगं रणगाडे, बाक मोडला तर भरून कोण देणार?" मागे पाच-सहा जणींचं खिदळणं. मग पुन्हा तोच लाडिक आवाज, शेवटच्या शब्दावर हेल काढणारा. "डबा आणत जाऊ नकोस गं, उपकार होतील!"

सिस्टरचा हात केसांतच थांबला. तो हेल सिस्टरच्या स्वतःच्या लेकीचा होता.

"कुणाला सांगितलंस?" तिने कसंबसं विचारलं.

"बाईंना. त्या म्हणाल्या, दुर्लक्ष कर."

संध्याकाळी घरी विचारल्यावर लेकीने आधी कानांवर हात ठेवले, मग म्हणाली, "गंमत होती गं आई. सगळ्याच हसत होत्या."

"ती हसत होती?"

लेक दप्तर आवरायला लागली.

"दोन चमचे दूध तिच्या पोटात जायला मला अर्धा तास लागतो."

लेकीला रडू फुटलं. "तू माझी आई आहेस की तिची?"

सिस्टरचा हात शिवशिवला, पण तिने तो उचलला नाही. बाजूला बसून लेकीला ग्रुपवरचा तिचा एकेक निरोप मोठ्याने म्हणून दाखवायला लावला. तिसऱ्यालाच लेकीचा आवाज फुटेना.

सकाळी सिस्टर मुलीच्या खाटेपाशी तिची वेणी घालायला बसली. "बाळा, तो आवाज माझ्या मुलीचा आहे. हे मी लपवणार नाही. तुझ्या आईला सांगायलाच हवं, शाळेलाही. तुझं काहीच चुकलेलं नाही."

मुलीने हळूच आपली वेणी तिच्या हातातून सोडवून घेतली.

सगळं ऐकून मुलीची आई एवढंच म्हणाली, "सिस्टर, उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

शाळेने बैठक घेतली, ग्रुप बंद झाला, त्या साऱ्या मुलींचे पालक आले. सगळ्यांत आधी सिस्टर बोलली. लेकीने माफीची चिठ्ठी लिहिली. ती मुलीच्या आईने घेतली, पण वाचू का असं मुलीला विचारल्यावर तिने मान हलवून नाही म्हटलं.

शुक्रवारी मुलगी घरी निघाली. आता थोडं जेवते, असं आता तिच्याकडे येणाऱ्या धाकट्या सिस्टरने सांगितलं होतं. थोरली सिस्टर औषधांची गाडी घेऊन समोरून येत होती. मुलीने तिला पाहिलं, आणि बाबांचा हात न सोडता त्यांच्या पलीकडच्या बाजूला गेली.

ती दोघं जिना उतरेपर्यंत सिस्टर भिंतीला लागून उभी राहिली.