केळीच्या देठाची फुली

मारुतीच्या पारासमोर अख्खं खापरी गाव लोटलं होतं. पारावर या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी ताणलेली आणि दोरीवर धुतलेले पांढरे कपडे: धोतरं, उपरणी, पोरासोरांची अंगडी. त्यातल्या पाच-सहा कपड्यांवर काळपट तपकिरी फुली उमटली होती. काल हेच कपडे बगळ्यासारखे पांढरे होते. फुली सोड्याने जात नव्हती, साबणाने जात नव्हती, उलट जितकं धुवावं तितकी जास्तच उठून दिसत होती.

"भानामती!" कोणीतरी पुटपुटलं आणि बायांनी लेकरं पोटाशी ओढली.

"अलख निरंजन!" पारावरून भैरुनाथ बाबा गरजला. "देख लो, बच्चालोग! सात समिंदर पी गया, सात मसानांची राख फासली या अंगाले, पण एवढी जबर बाई नाही पाह्यली. गावातच बसली हाये. तुमच्यातच बसली हाये!"

सात समुद्रांपैकी एकाचंही तोंड बाबाने पाहिलं नसावं. बोलण्याच्या ढंगावरून तो पूर्णा नदीच्या पलीकडेही कधी गेला असेल, असं गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईंना वाटत नव्हतं. पण बोलणार कोणापुढे? बाई नांदुऱ्याच्या. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जिल्हा परिषदेने खापरीला शाळा दिली आणि शाळेवर यांना धाडलं. गाव त्यांना मान देई, पण तो पोरांना उजळणी शिकवण्यापुरता. भुताखेताच्या गोष्टीत मास्तरीणबाईला कोण पुसतं!

बाबाचा विधी सोपा होता. रोज काही घरांनी एकेक पांढरा कपडा आणायचा. बाबा केळीचं ताजं पान घेई, काही कपड्यांवर पानाच्या शेंड्याने तांब्यातलं पाणी शिंपडी, तर काहींवर पानाचा देठ नखाने खुडून त्याने 'बंधन' घाली, म्हणजे हवेत मंत्र आणि कपड्यावर दोन ओल्या रेघा. रेघा वाळल्या की दिसेनाशा होत. मग कपडा घरी नेऊन तीन दिवसांनी सोड्यात धुवायचा. कोरा राहिला तर घर सुखरूप. फुली उमटली तर घरावर नजर. सगळं भरदिवसा, चारचौघांसमोर. लपवाछपवी नाही म्हणूनच लोकांचा विश्वास बसला.

त्या दिवशी फुली उमटलेल्या कपड्यांत अंबूबाईच्या नातवाचं अंगडं होतं. नातू चार दिवस तापाने फणफणलेला.

"बाबा, माह्या लेकराले वाचव!" अंबूबाईने पारावर डोकं आपटलं. "कोण हाये ते नाव सांग!"

"वेळ आली म्हणजे सांगीन," बाबा म्हणाला आणि डोळे मिटले.

अन्नपूर्णाबाई राहत होत्या सोजराबाईकडे, पडवीच्या खोलीत. सोजराबाई एकटी विधवा, साठीची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. खापरीत ज्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, त्या उन्हाळ्यातही तिच्या परसात केळीचं बेट डुलत असे. न्हाणीच्या दगडाला लागून केळी, पलीकडे दोन पपया, एक पेरू, कुडाशी सीताफळ. गावात दुसरीकडे कुठेच केळ नव्हती. लोक केळी खात ती बीबी गावच्या बाजारातली, पिकलेली.

तिच्याकडे जादू एकच होती, ती म्हणजे पाण्याचा थेंब वाया न घालवणं. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं सगळं पाणी चरीतून केळीच्या बुडाशी जाई. बाई राहायला आल्या त्या दिवशीच तिने बजावलं होतं, "बाई, अंघोळ त्या दगडावरच करजा. तुमचं आंग न्हाते अन् माही केळ पिते." चुलीची राख झाडांना. पपई पिकली की संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून मीठ लावून खात. घड उतरला की पहिली फणी मारुतीला, दुसरी गावात कोणी आजारी असेल त्याला. अंबूबाईच्या नातवालाही सोजराबाईनेच केळी नेऊन दिली होती.

बाबाला लागणारं पान तिच्याच परसातून जाई. रोज एक, देठासकट. देवाच्या कामाला नाही कसं म्हणावं, म्हणून ती आधी देत राहिली. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

"रोज एक पान तोडलं तं केळीनं जीव कशावर धरावा?" ती बाईंना म्हणाली. त्या दिवशी तिला कणकण होती. "आजचं पान तुम्हीच न्या अन् त्या बाबाले सांगा, हे शेवटलं. मले आता घड पोसायचा हाये."

बाईंनी पान तोडलं, पांढऱ्या पातळाच्या पदरावर देठ टेकवून खांद्यावर घेतलं आणि निरोपासकट पारावर पोहोचवलं. बाबा हसला. ते हसू बाईंना आवडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने नाव सांगितलं, सोजराबाईचं.

"पाण्यावाचून केळ फळते का रे?" त्याने लोकांना विचारलं. "नाही ना? मंग तिच्या दारात कशी फळली? पाणी आणलं कुठून तिनं? तुमच्या लेकराच्या आंगातलं ओढलं! ज्यानं तिचं केळ खाल्लं, त्याले ताप आला. जोडा आता!"

लोकांनी जोडलं. वडाची साल पिंपळाला कशी लावावी हे एकाने दाखवलं की शंभर जण लावायला पुढे येतात. पोलीस पाटील हिंमतरावांनी जाहीर केलं की येत्या अमावास्येला तिसऱ्या प्रहरी सोजराबाईचं मुंडण करायचं, तोंडाला काळं फासायचं आणि तिला गावाच्या शिवेबाहेर घालवायचं.

त्या दिवसापासून गल्ली बदलली. सोजराबाई दारात आली की समोरची दारं धाडधाड लागत. विहिरीवर ती गेली की बाया घागरी अर्ध्या टाकून निघत. दुकानदाराने मीठ दिलं नाही. ज्या पोरांनी तिच्या पेरूच्या फांद्या वाकवून वाकवून मोडल्या होत्या, तीच पोरं आता लांबून खडे मारू लागली. एक खडा तिच्या कपाळाला लागला. ती रडली नाही. न्हाणीच्या दगडावर बसून राहिली.

"कुठं जाऊ मी, बाई?" ती एवढंच म्हणाली. "मले ना लेक, ना जावई. हीच झाडं हायेत."

बाईंनी तिच्या कपाळाला हळद लावली. पण खरं सांगायचं तर त्यांनाही भीती वाटत होती. गाव बिथरलं की ते शिकलेल्यालाही सोडत नाही.

आणि मग त्यांचंच पातळ डागाळलं. धुऊन वाळत घातलेलं पांढरं पातळ काढायला त्या गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. पदरावर काळपट तपकिरी डाग होते. अगदी तोच रंग! त्यांनी तर बाबाला कपडा कधी दिलाच नव्हता. मग हे आलं कुठून? क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांनी मागे वळून सोजराबाईकडे पाहिलं आणि मनात नको तो विचार येऊन गेला. त्या विचाराची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटत राहिली.

सोजराबाईच जवळ आली. "काय झालं वं माय?" तिने पदर हातात घेतला. "हात्त्याच्या! हा तं केळीचा डाग हाये. पान खांद्यावर घेतलं असन तुम्ही. त्याचं पाणी लागते तवा दिसत नाही, धुतलं का काळं पडते. जन्मात जात नाही आता. माह्या लुगड्याचा रंग काळा म्हणून बरं, नाहीतं पाहा किती डाग निघतीन!"

बाईंच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

"आजी, गावातल्या कपड्यांवरच्या फुल्या तुम्ही पाहिल्यात?"

"मले कोण दाखवते? मी आली का कपडे झाकून पळतेत."

बाईंच्या पदरावर होती ती फुली नाही, नुसते डाग. देठ जिथे टेकला होता, बरोबर तिथेच. शेंडा आणि देठ! कोणाच्या कपड्यावर नुसतं पाणी शिंपडायचं आणि कोणाच्या कपड्यावर देठाची रेघ ओढायची, हे बाबा ठरवत होता. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत त्याने भानामती केली होती, आणि ती करायला लागणारं पान रोज सोजराबाईच पुरवत होती.

बाई केळीचं एक ताजं पान तोडून तडक हिंमतरावांच्या ओसरीवर गेल्या. हिंमतरावांच्याही धोतरावर फुली उमटलेली, त्यामुळे पाटील रागाने कमी आणि भीतीने जास्त बोलत होते.

"बाई, तुम्ही शाळा पाहा. गावचं आम्ही पाह्यतो."

"पाटील, एकच मागणं आहे. तुमचं कोरं उपरणं आणा. हा देठ घ्या. माझा हात लागणार नाही. तुम्हाला तुमच्या नावाचं पहिलं अक्षर येतं ना? ते या देठाने उपरण्यावर काढा. मग उपरणं तुमच्याच पेटीत ठेवा. तुमच्या घरच्या तानुबाईंनीच ते सोड्यात धुवावं. अमावास्येला तुम्हीच पारावर उघडा. काही उमटलं नाही, तर आजीबरोबर मीही शिव ओलांडून जाते."

हिंमतराव घुटमळले. आतून त्यांची बायको तानुबाई म्हणाली, "काढा ना. उपरणं हाये ते, चावणार हाये का?"

पाटलांनी जीभ दातांत धरून, घाम पुसत मोठा 'हिं' काढला. ओली रेघ वाळली आणि उपरणं पुन्हा कोरं झालं.

अमावास्येचा दिवस उजाडला तो गढूळ. वारा पडलेला. तिसऱ्या प्रहरी न्हावी वस्तरा घेऊन पाराच्या पायरीवर बसला होता, मान खाली घालून. डब्यात काजळी कालवलेली होती. दोघांनी सोजराबाईचे दंड धरून तिला मधोमध आणलं.

"करा सुरू!" बाबा ओरडला. "सूर्य बुडाच्या आत शिव ओलांडली पाह्यजे!"

"थांबा," हिंमतराव म्हणाले. आवाज कापत होता. त्यांनी बगलेतली घडी उलगडली आणि उपरणं वर धरलं.

मधोमध, ठसठशीत, काळपट तपकिरी 'हिं'.

लोक मागे सरले. अंबूबाई किंचाळली. "आता पाटलाच्या नावानंच आली वं!"

"पाह्यलं? पाह्यलं?" बाबा नाचू लागला. "तिनंच केलं! पाटलावर डाव टाकला!"

"कोणी केलं?" हिंमतराव गरजले. आता आवाज कापत नव्हता. "हे मी केलं बे! माह्या हातानं लिहिलं, माह्या पेटीत ठेवलं, माह्या बायकोनं धुतलं. मंग भानामती मी हाये का? घाल मले शिवेबाहेर!"

अन्नपूर्णाबाई पुढे झाल्या. त्यांनी आपला पदर पसरून डाग दाखवले, केळीचं पान वर धरलं, देठ नखाने खुडला. स्वच्छ पाण्यासारखा थेंब आला.

"हा केळीचा चीक. ओला असताना दिसत नाही. हवा लागली, सोडा लागला, की काळा पडतो. बाबाने ज्याच्या कपड्यावर देठ फिरवला त्याला फुली, ज्याच्यावर शेंड्याने शिंपडलं तो कोरा. आठवा बरं, तुमच्या कपड्यावर काय फिरवलं होतं? आणि केळीला पाणी कुठून मिळतं ते सांगू? माझ्या अंघोळीचं. या, चर पाहून घ्या!"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. "माह्यावर देठच फिरवला होता," एक जण म्हणाला. "माह्यावर शेंडा," दुसरा. बाबा हळूच पारामागे सरकत होता. तरण्या पोरांनी त्याची गचांडी धरली आणि हात उगारले.

"मारू नका," बाई म्हणाल्या. "त्याच्या हातात देठ द्या आणि कोऱ्या धोतरावर फुली काढायला लावा. मग बीबीच्या चौकीत पोचवा."

बाबाने फुली काढली. जरा वाकडीच आली. धुतल्यावर ती सगळ्यांना दिसणार होती.

न्हाव्याने वस्तरा मिटला. दंड धरणाऱ्या दोघांनी हात कधी काढले ते कळलंही नाही. सोजराबाई मधोमध एकटी उभी राहिली. तिने पदर सावरला आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"मले एकच सांगा," ती म्हणाली. "तुमच्या घरची लेकरं माह्या झाडावर चढून मोठी झाली. फुली उमटली तं एकालेही वाटलं नाही का, का हे सोजरीले दाखवावं? एका बाईनं जरी अंगडं हातात देल्लं असतं, मी तवाच सांगतलं असतं, केळीचा डाग हाये म्हणून. मले शिवेबाहेर काढायले सारं गाव आलं, पण इचारायले कोणी नाही आलं."

तानुबाईने काजळीचा डबा पायाने लवंडून दिला.

त्याच संध्याकाळी अंबूबाईचा नातू बैलगाडीतून डॉक्टरकडे गेला. हिवताप निघाला. औषधाने उतरला. बाबाच्या नादात वाया गेलेले दिवस मात्र पोराच्या हाडांवर दिसत होते.

पहिल्या पावसानंतर अंबूबाई सोजराबाईच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"केळीचं एक पिलू देतं का?" तिने खाली पाहत विचारलं. "न्हाणीवर लावते."

सोजराबाईने तिला वाट पाहायला लावली. मग कुदळ उचलली, बेटाच्या कडेचं पिलू कंदासकट काढलं आणि तिच्या हातात दिलं. "आडवं धरू नको," ती म्हणाली. "लुगड्याले डाग पडन."

वाचकहो, पुढच्या वर्षी खापरीत बऱ्याच न्हाण्यांवर केळ होती आणि बऱ्याच पदरांवर डाग होते, आणि त्यांना कोणी भीत नव्हतं. तुमच्या गावातही असा एखादा बाबा येईल. त्याच्या हातात पान नसेल, दुसरं काही असेल. तेव्हा ज्याची भीती वाटते ते हातात घ्या, उजेडात धरा, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. माणसाला गावाबाहेर काढण्याआधी निदान एकदा विचारा.