मापात बसलेली बाई

देवरीच्या बाजारात मिशनच्या मास्तरांनी एका जुन्या संदेष्ट्याचा दृष्टान्त सांगितला: धान्याच्या मापात एक बाई बसली आहे, तिचं नाव पाप, आणि वर शिशाचं झाकण.

ऐकून शेतकरी खेमराज थक्क झाला. कुठल्या काळचा, कुठल्या देशाचा माणूस, आणि त्यानं पाप नेमकं मापातच पाहिलं! खेमराजकडे धान्य मोजायच्या दोन पायल्या होत्या. धान घ्यायची मोठी, मजुरी द्यायची लहान.

संध्याकाळी खळ्यावर त्यानं मजुरीला मोठी काढली. पहिल्या मापाला रिवाजानं 'एक'ऐवजी म्हणाला,

लाभ.

दोन.

तीन.

मजुरीला आलेल्या रुख्माच्या पदरातून धान सांडलं. "मालक, माप चुकून राहिलं का?"

"आजवर चुकून राहिलं होतं. त्या जुन्या काळच्या बुवाची नजर लय तेज, रुख्मे."

तिनं पदर सावरून टोपली पुढं केली.