उलटा बिल्ला

"एकोणीस बिल्ले आणि अठरा बायका," देखरेखीच्या मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच मोजा."

घडीवालीनं मोजल्यासारखं केलं. मोजायची काही गरज नव्हती. हजेरीच्या फळीवर सत्तेचाळीस नंबरच्या खिळ्याला पितळी बिल्ला लटकत होता आणि तो उलटा होता, आकडा भिंतीकडे. दवाखान्याच्या या धुलाईघरात बिल्ला असा उलटा लावणारं माणूस एकच होतं.

"सत्तेचाळीस तुमचा जुना नंबर ना?"

"हो मॅडम."

"मग हा लावला कुणी?"

"मीच लावला असेल. सवयीनं."

"सात ते साडेआठ तुम्ही माझ्यासमोर बसून सह्या करत होता. तिथून हात पोचला का तुमचा?"

खोटं बोलायचा तिला सराव नव्हता, आणि जे काय येत होतं तेही असं पहिल्याच पायरीवर घसरलं.

"वरून तक्रार आली आहे, कंत्राटी बायका एकमेकींची हजेरी लावतात म्हणून. जिनं लावला तिचं काम आजपासून बंद. चार वाजेपर्यंत नाव लिहून आणा," मॅडम म्हणाल्या. "कायम झालात तरी तुमचे पहिले सहा महिने परीक्षेचे आहेत. धमकी नाही देत, आठवण करून देते."

धमकी असती तर तिला राग तरी आला असता. आठवण म्हटल्यावर नुसतीच भीती वाटली.

हजेरीची रीत अशी होती. कंत्राटी बायकांनी सकाळी सातला दाराजवळच्या पेटीतून आपला बिल्ला काढायचा आणि आपल्या खिळ्याला लावायचा. कायम माणसांना बिल्ला नव्हता, त्यांना सहीची वही होती. आता सगळ्या बायका सातला कशा पोचणार? कुणाचं पोर तापलेलं, कुणाची बस चुकलेली. म्हणून जी आधी येईल तिनं मागे राहिलेलीचा बिल्ला लावायचा, हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या बाईला पहिल्या आठवड्यात चादरीची घडी शिकवत आणि दुसऱ्या आठवड्यात हे. न लावणारी बाई एकदाच झाली, आणि तिच्याशी महिनाभर कुणी बोललं नाही.

घडीवालीनं अकरा वर्षं हे केलं होतं. तिचा बिल्ला बहुतेक वेळा तिची जोडीदारीण डावरी लावायची आणि डावरीचा ती. डावरी डाव्या हातानं बिल्ला उचले, तो तसाच खिळ्यावर जाई, आकडा भिंतीकडे. घडीवाली येताजाता तो सुलटा करून ठेवायची.

आज मात्र करायला ती तिथं नव्हती. चार दिवसांपूर्वी तिला आजपासून कायम केल्याचा कागद हातात पडला होता, आणि तो तिनं पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला होता. जागा एकच निघाली होती. डावरी तिच्या आधी दोन वर्षं लागलेली, काम तिच्यापेक्षा चोख, पण जागेला सातवी पासचा दाखला हवा होता आणि डावरी चौथीतच घरी बसलेली. हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू असं करत तिनं जुना बिल्लाही परत केला नाही. तो पेटीतच राहिला. तिनं वेळेवर तोंड उघडलं असतं तर डावरीनं तो लावलाच नसता.

दुपारची सुट्टी झाली. कायम माणसं पंख्याखालच्या टेबलावर जेवायची, कंत्राटी बायका वाळवणीच्या यंत्रामागे गाठोड्यांवर बसून. ती डबा घेऊन मधेच उभी राहिली तेव्हा प्रेसवाल्या काकांनी खुर्ची ओढली.

"बसा, बसा. आता इथल्याच तुम्ही."

ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"ऐकलं मी. त्या लोकांची सवयच तशी," काका म्हणाले. "फसवणूक रक्तातच. तुम्ही सरळ नाव देऊन मोकळ्या व्हा."

त्या लोकांत कालपर्यंत ती होती. शिवाय काका स्वतः सकाळी जावयाला स्टेशनवर सोडून अकराला उगवले होते आणि वहीत त्यांची सही सातची होती, ती भट्टीवाल्यानं केलेली. त्याला इथं सांभाळून घेणं म्हणत. काका माणूस वाईट नव्हते. लोणच्याची बाटली त्यांनी आपणहून तिच्याकडे सरकवली. गाठोड्यांवरून अठरा जणी आपल्याकडे बघताहेत असं तिला वाटत राहिलं, पण मान वर करून बघायचं धाडस झालं नाही.

दोन वाजता मोठ्या चादरी आल्या. त्यांना दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. अकरा वर्षं या जोडीच्या गप्पा अशाच, टोकं जुळतील तेवढ्या वेळापुरत्या.

"सकाळी कुठं होतीस गं?" पहिल्या चादरीला डावरीनं विचारलं. "दाढ काढायला गेली असशील म्हणून मी बिल्ला लावला तुझा."

घडीवाली मागे सरली. दुसरी चादर ताणली, जवळ आली.

"मला कायम केलं."

"कधी?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

पुढच्या तीन चादरी झाल्या. टोकं नेहमीसारखी बरोबर जुळत होती, हातांना भांडण कळत नव्हतं.

"मॅडम नाव मागताहेत," घडीवाली शेवटी म्हणाली. "चारपर्यंत."

डावरीनं अर्धी झालेली घडी टेबलावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. "चांगलं झालं तुझं," एवढंच म्हणाली. "पाणी पिऊन येते."

ती गेली ती आलीच नाही.

सव्वातीन झाले. रागावली असणार, ती मनाशी म्हणाली, आणि मग त्या रागाचाच तिला आधार वाटू लागला. रागवायचं काय त्यात? मी काय हिची जागा पळवली? दाखला मी का फाडला हिचा? थोरला पोरगा कॉलेजात, नवऱ्याची कंबर धरलेली, अकरा वर्षांनी एक दार उघडलं तर ते मीच माझ्या हातानं लावून घेऊ? आणि मॅडमना आज ना उद्या कळणारच, एवढ्या अठरा तोंडांतलं एक तरी उघडेलच. असं एकेक कारण जमवत ती आत गेली, डागांची नोंद करायच्या चिठ्ठ्यांतली एक घेतली आणि चिठ्ठीच्या मागे डावरीचं नाव लिहिलं. खरं नाव. ते लिहिताना तिच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत या नावानं आपण तिला एकदाही हाक मारली नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती मॅडमच्या दारात उभी राहिली. मुठीत चिठ्ठी होती.

"या," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला उगाच दिवसभर धाकात ठेवलं. मिटलं ते."

टेबलावर पितळी बिल्ला पडला होता. एकेचाळीस नंबर, डावरीचा.

"अडीचलाच आली. स्वतःहून कबूल केलं. इतकी वर्षं चांगलं काम केलं, पण मला तरी दुसरं काय करता येणार?" मॅडमनी बिल्ला खणात टाकला. "तुमचं काय होतं? चिठ्ठी आहे का काही?"

"नाही," घडीवाली म्हणाली. "डागांची आहे."

ती धावतच मागच्या दाराशी गेली. पगाराच्या हिशेबासाठी थांबलेली डावरी पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत होती. पिशवीत डबा, कामावर घालायचा झगा आणि चहाचा पेला एवढंच होतं.

"तू कशाला गेलीस सांगायला?" घडीवालीनं विचारलं.

"मग काय करणार? तुला चारपर्यंत बसवून ठेवलं असतं त्यांनी, आणि तुझी नोकरी गेली असती फुकट." डावरी उठली, पदर खोचला. "मी त्यांना म्हटलंसुद्धा, तिला कितीही विचारा, ती काही नाव सांगायची नाही. अकरा वर्षं ओळखते मी तिला."

घडीवालीनं मूठ झग्याच्या खिशात घातली आणि तिथंच ठेवली.

"चार दिवस सांगितलं नाहीस, त्याचा राग आहे हं मला," डावरी म्हणाली. "तो जाईल हळूहळू. जा आत, चादर अर्धी राहिलीय."

ती रस्त्याच्या वळणापर्यंत गेली, डाव्या हातात पिशवी धरून. मागे वळून तिनं पाहिलं नाही, पण पेला पिशवीत वाजत होता तो बराच वेळ ऐकू आला.

आत टेबलावर अर्धी चादर तशीच होती. दुसऱ्या कुणाला बोलवावं म्हणून घडीवालीनं गाठोड्यांकडे पाहिलं. अठरा होत्या त्या सतरा झाल्या होत्या, आणि सगळ्या कामात होत्या. मग तिनं चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबलं, हात लांबवले आणि दुसरं टोक जमिनीला लागू नये म्हणून टाचा उंचावून उभी राहिली.