पाच नंबरची फाइल

“उपवास होता ना त्यांना? मग झालं तर. उपवासाने शुगर उतरली.”

डॉक्टर ललित यांनी हे वाक्य इतक्या सहज टेबलावर ठेवलं, की जणू सकाळपासून ते त्यांच्या खिशातच होतं. मॅट्रन मनीषाबाईंनी मान हलवली. मॅनेजरने मान हलवली आणि वर वहीत लिहूनही घेतलं. खोलीत माणसं चार, त्यातल्या तिघांना वाक्य पसंत पडलं होतं.

चौथी प्रतिभा सिस्टर. ती दारापाशी उभी होती. एरवी या खोलीत तिला खुर्ची मिळायची, आज बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

“उपवासाने नाही उतरली, सर. ज्यांना शुगरचा आजारच नाही, त्यांना मी चोवीस युनिट इन्सुलिन टोचलं.”

“ते तू मला लगेच सांगितलंस म्हणून बाई वाचली. चांगलं केलंस.” डॉक्टरांनी चष्मा पुसला. “मला सांगितलंस ना? आता पुरे.”

“नातेवाइकांना?”

“त्यांना मी सांगतो. सांगायचं काम डॉक्टरचं असतं.”

आणि त्यांनी सांगितलंही. अगदी हळुवार आवाजात, म्हाताऱ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. फक्त वाक्य ते खिशातलं सांगितलं.

घडलं होतं ते असं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या साठ खाटांच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात पलंगांच्या दोन ओळी समोरासमोर होत्या. एका ओळीतल्या पेशंटचे पाय उत्तरेला, दुसरीतल्यांचे दक्षिणेला. मखमलाबादच्या रंगूबाई तापाने आणि खोकल्याने भरती झाल्या, त्यांना मिळाला चौदा नंबर, म्हणजे पाय दक्षिणेला. दक्षिणेला पाय मेलेल्या माणसाचे करतात. चिमाजींनी, त्यांच्या नवऱ्याने, रात्रभर कळ काढली आणि सकाळी सात वाजता ते प्रतिभा सिस्टरसमोर टोपी काढून उभे राहिले.

“बाई, येवढं करा. समोरच्यांना इचारलं मी. त्यांना चालतंय.”

समोर पाच नंबरला नांदगावच्या लंकाबाई होत्या. त्यांना शुगर होती. चौदाच्या डोक्यावर पंखा होता, त्यामुळे त्यांच्या माणसांना दिशेशी घेणंदेणं नव्हतं. असल्या अदलाबदली या वॉर्डात आठवड्याला दोन तरी व्हायच्या. कुणाला खिडकी हवी, कुणाला गाववाली शेजारीण हवी. सिस्टर लोक ‘नाही’ म्हणत आणि करू देत. अडचण एवढीच, की फाइल पलंगाच्या पायथ्याला टांगलेली असे. माणूस हलला तरी फाइल पलंगाशी इमान राखून तिथेच राहायची, कुणीतरी आठवणीने हलवेपर्यंत.

प्रतिभाने दोघींना हलवलं. फाइली चहानंतर हलवू म्हणाली. साडेसातला ट्रे घेऊन फिरताना पाच नंबरची फाइल वाचली, पाच नंबरच्या दंडात सुई घातली आणि पुढे गेली. रंगूबाईंच्या मनगटावरची नावाची पट्टी आदल्या दिवशी सलाइन लावताना कापली होती, ती पुन्हा लावायची राहिली होती. रंगूबाईंचा संकष्टीचा उपवास होता, पोटात चहाचा घोटही नव्हता. दहा वाजता त्यांना घाम फुटला. मग झटका आला. शुगर मोजली, सत्तर तरी हवी तिथे बावीस, आणि त्यांना आयसीयूत हलवलं.

यात गंमत म्हणावी तर अशी, की ‘आधी नाव विचार, मग सुई धर’ हे वाक्य या हॉस्पिटलात प्रतिभाच्याच नावावर जमा होतं. सव्वीस वर्षांत तिने ते शंभरेक पोरींच्या डोक्यात हाणलं होतं. हर्षाली नावाच्या नव्या सिस्टरने मागच्या दिवाळीत एका पेशंटला न विचारता साधी व्हिटॅमिनची सुई दिली. औषध योग्य, माणूसही योग्य. तरी प्रतिभाने तिला वॉर्डाच्या मधोमध उभं करून सुनावलं आणि लेखी माफी घेतली. वॉर्डात तिला ‘फौजदार’ म्हणत. त्यामुळे बातमी फुटली तेव्हा हळहळणारे थोडे आणि चहा जरा चवीने पिणारे जास्त, असा हिशेब झाला.

“फौजदारांनी नाव नाही विचारलं,” हर्षाली कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. ट्रे पुसत होती. तिचं देणं तिने असं एका ओळीत फेडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिभा आयसीयूसमोरून चालली होती. खरं तर तिला तिथून जायचं कारण नव्हतं. मनीषाबाईंनी तसं बजावलंही होतं, “त्या बाजूला फिरकू नकोस.” पण पाय काही मनीषाबाईंच्या हाताखाली कामाला नव्हते.

बाहेर बाकं रिकामी होती आणि चिमाजी खाली फरशीवर बसले होते. मुलगा रविराज समोर उभा. झेंडूच्या शेतीवर तिघा भावांत हाच शिकलेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट. रंगूबाईंची धाकटी बहीण नवसाबाई पदर खोचून बसलेली.

“आप्पा, तुम्हाला अक्कल हाय का?” रविराजचा आवाज कॉरिडॉरभर होता. “अंगात येवढा ताप, अन् उपास करू दिला तिला?”

“ती आयकती का माझं? एकतीस वर्षं धरलाय तिनं...”

“तुम्ही सांगायचं व्हतं डॉक्टरला! डॉक्टर काय म्हणले? आम्हाला सांगितलं असतं तर हे टळलं असतं म्हणले.”

“पलंग फिरवायला बरी अक्कल सुचली या मानसाला,” नवसाबाई म्हणाली. “दिशा बघत बसला! दोन घास घालायचं नाय सुचलं. उपाशी मारली माझ्या भनीला.”

चिमाजींनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती आणि तिची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होते. शेजारी कागदात बांधलेला वडापाव तसाच पडलेला. कालचा असावा, कागद तेलाने आरपार झाला होता.

प्रतिभा चार पावलं पुढे गेली. थांबली. मागे आली.

“आजोबा, उठा. बाकावर बसा.”

“ऱ्हाऊ द्या बाई.”

“बसा. मी सांगते ते बाकावर बसून ऐका.”

ते बसले. सिस्टर लोकांनी दरडावलं की माणूस बसतो. प्रतिभा समोर उभी राहिली, हात मागे बांधून. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला जसा पेशंट समजावून देतात, त्याच सुरात ती बोलली. दुसरा सूर तिच्याकडे नव्हताच.

“उपवासाने काही झालेलं नाही. काल साडेसातला मी रंगूबाईंना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. ते त्यांचं नव्हतं, लंकाबाईंचं होतं. त्यामुळे शुगर उतरली, झटका आला, मेंदूला इजा झाली. टोचायच्या आधी मी नाव विचारायला हवं होतं. विचारलं नाही. हे तुम्हाला कालच सांगायला हवं होतं, तेही राहिलं.”

चिमाजींच्या हातातली टोपीची घडी अर्धीच राहिली. मग चिमाजी सावकाश म्हणाले, “लंकाबाईचं... म्हंजे मी पलंग बदलाया लावला म्हणून?”

एवढ्यात मॅनेजर आला. कॉरिडॉरमधला आवाज थांबला की तो यायचा, आवाज असताना नाही. त्याने शेवटचं तेवढं ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“तेच ना! पलंग तुम्ही परस्पर बदललात. हॉस्पिटलचा नियम आहे, पेशंटने...”

“परस्पर नाही,” प्रतिभा म्हणाली. “मला विचारून बदलला. हो मी म्हटलं. फाइल मी हलवली नाही. पट्टी मी लावली नाही. नाव मी विचारलं नाही. आजोबा, या सगळ्यात तुमच्या वाट्याचं एकही नाही.”

मॅनेजरने वही मिटली.

“परत बोल,” रविराज म्हणाला. त्याने मोबाइल काढला होता. “हिकडं बघून बोल. नाव सांग आधी तुझं.”

तिने नाव सांगितलं. पुन्हा सगळं सांगितलं, त्याच क्रमाने, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. रडली असती तर कदाचित बरं झालं असतं. रडणाऱ्या बाईवर हात उचलायला माणूस जरा विचार करतो. नवसाबाईने विचार केला नाही. थोबाडीत इतक्या जोराने बसली, की चष्मा आयसीयूच्या दारापर्यंत घसरत गेला.

“मेले, दोन दिस त्या म्हाताऱ्याला आमी खातोय, अन् तू आत्ता सांगती?”

रविराजने प्रतिभाच्या गळ्यातलं ओळखपत्र फितीसकट ओढून तोडलं आणि पुरावा म्हणून खिशात घातलं. “तुला जेलात घालतो. तुझं लायसन घालवतो. बघच तू.” बघायला आता बरीच माणसं जमली होती. चष्मा सगळ्यांना दिसत होता. शेवटी तिने स्वतःच वाकून उचलला.

चिमाजींनी तिच्या बाजूने तोंड उघडलं नाही. का उघडावं? पण संध्याकाळी ते खाली कॅन्टीनला गेले आणि उसळ-पाव खाल्ला, रस्सा मागून घेतला. हे हर्षालीने पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पुढचा जमाखर्च सरळ होता. पोलिसांत अर्ज गेला. नर्सिंग कौन्सिलला पत्र गेलं. चौकशी पुरी होईस्तोवर प्रतिभाला तळघरात पाठवलं, धुऊन आलेल्या चादरी मोजायला. सिस्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तिचं नाव कुणीतरी काढलं. कुणी काढलं ते त्यात दिसतं, पण तिने पाहिलं नाही. मनीषाबाईंची मुलगी बाळंतपणात अडली होती तेव्हा प्रतिभा तीन दिवस तिच्या उशाशी बसली होती. मनीषाबाईंना ते आठवलं नाही अशातला भाग नाही. आठवलं, म्हणूनच त्या स्वतः तळघराच्या जिन्यापर्यंत आल्या.

“खरं बोलायचा एवढा सोस होता, तर देवळात जाऊन बोलायचंस. सगळ्या वॉर्डाला घेऊन बुडालीस.”

“वॉर्डाचं नाव नाही घेतलं मी. माझंच घेतलं.”

“तुझं नाव म्हणजे काय ग? पाटी कुणाची आहे दारावर?” आणि जाता जाता एक कागद पुढे करून, “सही तेवढी करून दे. चूक वैयक्तिक होती, अशी.”

प्रतिभाने तिथेच सही केली. वाक्य खोटं नव्हतं. अपुरं होतं, पण पुरं करण्याइतकी जागा त्या कागदावर ठेवलेलीच नव्हती.

बाराव्या दिवशी रंगूबाईंना घरी सोडायचं ठरलं. त्या शुद्धीवर होत्या, माणसं ओळखत होत्या. उजवा हात कोपरापासून खाली लोंबायचा. फुलबाजारात ज्या बाईच्या बोटांना माळ ओवताना सुईकडे बघावं लागत नसे, तिच्या बोटांत आता चमचा टिकत नव्हता. बोलायला लागल्या, की पहिलं अक्षर यायचं आणि उरलेला शब्द वाटेतच बसून राहायचा.

जायच्या आधी डाव्या हातातली सलाइनची सुई काढायची होती. हर्षाली कापूस घेऊन गेली तर चिमाजींनी हात आडवा धरला.

“तू नको. त्या बाईला बोलव.”

“कुणाला, आजोबा?”

“जिनं टोचलं तिला. जिनं घातली तिनंच उपसायची. मग आमी जातो.”

रविराज भडकला. “आप्पा, तिची सावली नको आईवर!”

“तुझ्या आईला इचार.”

रंगूबाई छताकडे बघत होत्या. विचारून उपयोग नव्हता, म्हणून कुणी विचारलं नाही.

हर्षाली स्वतः तळघरात गेली. “मॅडम, वर बोलावलंय,” एवढंच म्हणाली. पण ‘मॅडम’ म्हणाली.

प्रतिभा वॉर्डात आली तेव्हा आठ-दहा नातेवाईक पलंगाभोवती उभे होते. कुणी वाट दिली नाही, तिला तिरकं होऊन आत शिरावं लागलं. नवसाबाई तिच्या कानाशी पुटपुटली, “हात थरथरला तर बघ.” रविराजने मोबाइल पुन्हा वर धरला.

पलंग पाच नंबरचाच होता, पाय उत्तरेला. पायथ्याशी फाइल होती. प्रतिभाने ती काढली, उघडली, वाचली. मग मनगटावरची पट्टी वाचली. आता लावलेली होती, ठसठशीत. मग वाकली.

“आजी, तुमचं नाव सांगा.”

रविराजच्या हातातला मोबाइल खाली आला. “नाव इचारतीय? आत्ता? आख्ख्या नाशिकला माहितीय तिचं नाव! फाइल हातात हाय तुझ्या...”

प्रतिभा त्याच्याकडे वळली नाही. “आजी, नाव?”

रंगूबाईंचे ओठ हलले. “र...”

“रंगूबाई!” नवसाबाई ओरडली. “रंगूबाई चिमाजी! झालं? काढ आता!”

“तुम्ही नका सांगू,” प्रतिभा म्हणाली. “त्यांना सांगू द्या.”

“रं...” गळ्याची शीर ताठ झाली. लोंबणारा हात चादरीवर जरासा सरकला. शब्द आला नाही. रविराजने तोंड उघडलं, आणि पलंगाच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या चिमाजींनी त्याचं मनगट धरलं. त्यांनी प्रतिभाकडे पाहिलं नाही. ते फक्त बायकोच्या ओठांकडे बघत होते.

समोर चौदावर पंखा फिरत होता. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. सुई काढायला अर्धं मिनिट लागतं, तीन मिनिटं होऊन गेली होती. हर्षालीने घड्याळ पाहिलं होतं.

प्रतिभा एका हातात कापूस धरून वाकलेलीच होती. तिला घाई नव्हती.