निळ्या पट्ट्यांचं दार

मी शाळेच्या फाटकाजवळची भिंत बोलतेय, आणि चिडून बोलतेय. गोड बोलायची मला सवय नाही. इतकी वर्षं उन्हात उभं राहून पाहा, तुमचीही जाईल.

मला बांधणाऱ्यांत परमुलखातून आलेलं एक जोडपं होतं. तो विटा रचायचा, ती माल कालवून द्यायची. त्यांची तान्ही मुलगी माझ्याच सावलीत, निळ्या पट्ट्यांच्या चादरीच्या झोळीत झोपायची. रडली की आई ओल्या हातानंच झोका द्यायची. ती मुलगी आता इथंच तिसरीत आहे.

यंदा चित्रकलेच्या बाईंनी ठरवलं, शाळेत इतक्या तऱ्हांची, इतक्या भाषांची माणसं आहेत, ती भिंतीवर दिसू देत. प्रत्येकानं आपल्या घराचं दार काढायचं आणि आतून कशी हाक येते ते आपल्या भाषेत खाली लिहायचं. मी हरखलेच. पोरं ऑइल पेंटचे डबे घेऊन आली आणि मला नुसत्या गुदगुल्या. नक्षीची दारं, जाळीची दारं, एका दाराबाहेर चपलांचा हा ढीग. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नातवानं तर दारापेक्षा कुलूपच मोठं काढलं. बाईंनी माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही आपली सगळ्यांची घरं'.

त्या मुलीनं निळ्या पट्ट्यांची चादर काढली. खाली तिच्या भाषेत 'ये' असं लिहिलं.

या चित्रांच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आले आणि चादरीसमोर थबकले. म्हणाले, "बाई, हे दार आहे का? पाहुणे काय म्हणतील?"

बाईंच्या आधी मुलगीच बोलली. "घरात जाताना आम्ही हेच उचलतो."

अध्यक्षांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि रंगारी बोलावला. त्यानं चादरीवर डिस्टेंपर फासून छानदार तपकिरी दार काढलं. बाईंनी त्याला अडवलं नाही. त्यांचाही मला राग आहे. पाहुणे आले, आपण सगळे कसे वेगवेगळे तरी एक यावर तासभर बोलले, आणि फोटो काढले नेमके त्या खोट्या दारापुढे. मुलगी मागच्या रांगेत मान खाली घालून उभी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण घाईत एक चूक झाली होती. ऑइल पेंट न घासता वर डिस्टेंपर मारला तर तो धरत नाही. मलाही त्याला धरून ठेवायची हौस नव्हती. थोड्याच दिवसांत पोपडे सुटले. काल मधल्या सुट्टीत मुलगी आली, एका पोपड्याची कड चिमटीत धरली आणि उचलली, घरात शिरताना उचलते तशीच. खाली निळा पट्टा दिसला. किती दिवसांनी ती हसली.

आज अध्यक्षांचा हुकूम आलाय, उद्या तेवढा भाग पार विटेपर्यंत खरवडून काढा.

काढा. पण आधी माझ्या डोक्यावरची ती ओळ खरवडा. मी उभी आहे ती या मुलीच्या आईनं कालवलेल्या मालावर. तिचंच दार पुसून 'सगळ्यांची घरं' म्हणून मिरवायची मला लाज वाटते.