माणसांचा रकाना

सुशीलाआक्का माघात वारली आणि तिच्या अंगातली ऊब रक्तपेढीच्या सर्व्हर खोलीत राहिली. ऑफिसात कुणाला याचं नवल वाटलं नाही. लोक सकाळी जेवणाचे डबे ती कामाला बसायची त्या जागेवर नेऊन ठेवत, ते दुपारी गरम मिळत. रक्त देऊन कुणाला हुडहुडी भरली तर त्याला पाच मिनिटं तिथे बसवत. अडचण एवढीच की मशीनला ही ऊब सोसेना. बाराच्या सुमाराला खोली तापायची, मशीन आपणहून बंद पडायचं आणि त्याच्या पोटातली चार हजार रक्तदात्यांची यादी उघडेनाशी व्हायची.

मागच्या गुरुवारी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि यादी चाळीस मिनिटं उघडली नाही. बाई वाचली, पण ते तिचं नशीब. दुसऱ्या दिवशी डॉक्टर माणगावेबाईंनी मुकुंद इंगवलेला बोलावणं धाडलं. कुठल्या खोलीला किती गारवा लागेल हे कागदावर मांडून देणारा गावात तोच एक, आणि तो आक्काचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढचं सगळं आक्कानं केलं. त्याच्यापायी तिचं लग्नाचं राहून गेलं असं गाव म्हणे. आक्का म्हणे, गावाला दुसरं काय काम आहे?

"इंगवले, मोजा आणि किती टनाचा एसी लागेल ते सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला जड जाणार, कळतंय मला. पण परक्या माणसाला बोलावणं बरं दिसलं नसतं."

मुकुंद पिशवी घेऊन आत गेला. मशीनची देखभाल करणारा इरफान पटवेगार डबे उचलून बाजूला ठेवत होता. मुकुंदनं नेहमीचा कागद काढला आणि एकेक रकाना भरत गेला. मशीन सव्वीसशे वॅट. बॅटरीचा खोका दोनशे साठ. दिवा चाळीस. माणसं शून्य. पश्चिमेची उन्हात तापणारी भिंत साडेपाचशे. बेरीज चौतीसशे पन्नास, आणि भिंतीवरचा जुना एक टनी एसी पस्तीसशे ओढून घेतो. म्हणजे कागद म्हणत होता की खोली गारच राहायला हवी. कागदाला काय, तो लिहिलं तेवढंच बोलतो.

मग त्यानं लांबून ताप मोजायचं यंत्र रोखलं. भिंत एकोणतीस, फरशी अठ्ठावीस. आक्काची खुर्ची जिथे असायची तिथे सदतीस. तेवढ्यात टेबलावरचा जुना फोन वाजला आणि सदतीस आकडा खुर्चीच्या जागेवरून उठून फोनपाशी गेला. इरफाननं फोन उचलला, चुकून लागला होता. सदतीस परत जागेवर आला.

"माणूस धरलासा काय, दादा?" इरफाननं विचारलं.

"सर्व्हर खोलीत माणूस धरत नाहीत."

"मागल्या बारीला बी न्हवता धरला?"

सहा वर्षांपूर्वी हे मशीन आलं तेव्हाही हाच कागद त्यानंच भरला होता. बाकीचं ऑफिस फ्रीजनी आणि खाटांनी भरलेलं, म्हणून आक्काचं टेबल याच खोलीत होतं. ती दिवसभर इथे बसून रक्तदात्यांना फोन लावायची. मुकुंदनं विचारलं होतं, "आक्का, माणसं किती लिहू?" फोनवरून मान वर न करता ती म्हणाली होती, "शून्य लिही की. मी कुठली माणसांत, मी घरचीच."

आणि त्यानं शून्य लिहिलं. त्यांच्या घरी रीतच ती. कार्य असलं की पाहुण्यांची पानं मोजायची, घरची पानं मोजायची नाहीत. पंगती उठल्यावर जे उरेल ते घरच्यांनी खायचं. आक्का नेहमी शेवटी जेवायची, कधी नुसत्या ताकावर भागवायची. मुकुंद मोजायला शिकला तो तिच्याकडूनच, म्हणून तसाच मोजत राहिला. बसलेलं माणूस शंभर वॅट ऊब सोडतं, हा त्याच्या धंद्यातला श्रीगणेशा. साऱ्या गावाच्या ऑफिसांत त्यानं चपराश्यापर्यंत माणसं धरली, आणि सख्खी बहीण तेवढी सोडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तेव्हापासून खोलीत रोज पन्नास वॅट जास्त होत गेले. आक्का सहा उन्हाळे पदर ओला करून मानेवर ठेवून बसली. कुणी विचारलं तर म्हणायची, बरं की, थंडी वाजत नाही. तेव्हा निदान रात्री ती घरी जायची आणि खोली निवायची; आता ऊब रात्रीही इथेच.

मुकुंदला एकदम रडू आलं. ते लपवायला त्यानं टेप काढला आणि खोलीची लांबी घेतली. बारा फूट. तो सगळं दोनदा मोजी, म्हणून पुन्हा मोजली. अकरा फूट. तिसऱ्यांदा नऊ.

"टेप लावू नगासा, दादा," इरफान म्हणाला. "तुमी मोजाय लागला की आक्का अंग आवरून घेत्यात."

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आक्कानं अंथरूण केवढंही असलं तरी पाय पसरले नव्हते. आता खोली तशी आवरून बसत होती. पश्चिमेची भिंत आखूड झाली, तिचे साडेपाचशे पाचशेवर आले. मुकुंदनं मनात आकडे जुळवले. माणूस धरला तरी बेरीज बरोबर पस्तीसशे येत होती. जुना एसी पुरेल. नवा लावायला नको, आक्काला घालवायला नको. "बसतंय!" तो ओरडला. "इरफान, बसतंय रे सगळं!"

पण भिंत थांबली नाही. कुणाला अडचण होऊ नये म्हणून आवरायला लागलं की आक्काला कुठे थांबायचं ते कधी कळलं नव्हतं. छत मुकुंदच्या टाळूला टेकलं. मशीनची पाठ भिंतीला भिडली, पंख्यांना वारा मिळेना, आणि लाल दिवा लागला. इरफान कसाबसा उंबऱ्याबाहेर सरकला.

"इंगवले!" बाहेरून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "नाक्यावर अपघात झालाय. एबी निगेटिव्ह हवंय, बावीस वर्षांची मुलगी आहे. यादी उघडत नाहीये."

ऊब आता मुकुंदच्या छातीशी होती, अगदी घट्ट. लहानपणी ताप आला की आक्का अशीच कवटाळून निजायची.

"आक्का," तो म्हणाला, "पाय पसर."

काही हललं नाही. मग त्यानं कागद गुडघ्यावर धरला, माणसांच्या रकान्यातलं शून्य खोडलं आणि एक लिहिला. भिंत पुन्हा साडेपाचशे धरली. खाली बेरीज मांडली, तीन हजार पाचशे पन्नास. त्याखाली लिहिलं, दीड टन. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला मोजलं, आणि मोजलं ते किती गारवा सोडला की ती जाईल हे काढण्यासाठी. मग त्यानं खाली सही केली.

खोली एका श्वासात बारा फुटांची झाली. पंखे फिरले, थोड्या वेळानं यादी उघडली आणि इरफाननं मिरजेच्या एका शिक्षकाचा नंबर मोठ्यानं वाचला.

शनिवारी नवा एसी बसला. डॉक्टरबाईंनी मुकुंदकडे पाहिलं. "करायचा ना चालू?"

"करा," तो म्हणाला.

सगळे बाहेर आले आणि इरफाननं काचेचं दार ओढून घेतलं. काच गार होत गेली. गार काचेवर दव धरतं ते उबदार बाजूनं, म्हणजे बाहेरून, हे मुकुंदला पाठ होतं. पण दव आतून धरलं. वाटीएवढा एकच ठिपका, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, आक्काचं तोंड यायचं तिथे. तो विरायचा आणि पुन्हा यायचा.

"चोवीस," इरफान आकडा वाचत होता. "तेवीस."

"आता काळजी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि फोन घ्यायला गेल्या.

ठिपका लिंबाएवढा झाला. मुकुंदनं वाकून अलीकडून नेमक्या त्याच जागी तोंड लावलं आणि श्वास सोडला. पलीकडून उत्तरादाखल ठिपका आला, पण वीतभर खाली.

"बावीस."

मुकुंदनं गुडघे टेकले आणि तिथे श्वास सोडला. ठिपका आणखी खाली गेला. मुकुंद फरशीवर आडवा झाला, गाल काचेला लावला आणि श्वास सोडत राहिला.